वॉटर पेपर की नायलॉन पॅड? बुलेटच्या ॲल्युमिनियमवर एक पावसाळा काढल्यानंतर

वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर, कापतो उत्तम. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे बरीच चिडचिड आहे.

आमच्या गोव्यातल्या मांद्र्याला खाऱ्या वाऱ्यात बुलेटच्या इंजिन कव्हरवर पांढरी भुकटी धरते आणि तिच्याखाली बारीक खड्डे पडतात. नुसतं पॉलिशचं कंपाउंड चोळून ते जात नाहीत, आधी घासावंच लागतं. म्हणून शिमग्याच्या सुमारास म्हापशाहून सिलिकॉन कार्बाइडचे ४००, ६००, १००० आणि २००० नंबरचे पेपर आणले. सोबत मरून रंगाचा नायलॉन पॅड, तोही दुकानदाराने गळ्यात मारला म्हणून. त्या पैशात आणखी चार पेपर आले असते.

पेपरची तक्रार एकच: पाठीवरचा नंबर. साबणाच्या पाण्यात जरा भिजवला की शाई सुटते, बोटं काळी होतात आणि पाठ कोरी. मग हातातला ६०० की १००० हे चाचपून ठरवा. किरकोळ वाटेल, पण पी १००० चा ('पी' म्हणजे युरोपियन माप) कण साधारण १८ मायक्रॉनचा आणि पी ४०० चा ३५ चा, म्हणजे जवळपास दुप्पट. हजारपर्यंत आणलेल्या कव्हरवर ४०० चा तुकडा एकदा फिरला की सगळं पहिल्यापासून. बदलून मागायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "भिजयला न्हय? मागीर बदलून मेळचो ना." अहो, वॉटर पेपर भिजवायचा नाही तर देव्हाऱ्यात ठेवायचा? कंपनीला फोन केला तर उत्तर आलं की छपाई वॉरंटीत येत नाही. पंचवीस रुपयांच्या कागदाला वॉरंटी असते हे मला तेव्हाच कळलं!

आता भिजवण्याआधीच कात्री चालवतो. ४०० चा एक कोपरा कापलेला, ६०० चे दोन, १००० चे तीन, २००० अख्खा. विकत घेताना नंबरच्या आधी 'पी' आहे का तेही बघा. पी नसलेला अमेरिकन मापाचा ६०० पी १२०० च्या जवळ जातो, म्हणजे दोन्ही मिसळले की क्रम बिघडलाच. प्रत्येक नंबरला घासायची दिशा आडवी-उभी बदलली की आधीचे ओरखडे गेले की नाही ते लगेच दिसतं.

पॅडबद्दलचं मत मात्र पावसाळ्यात फिरलं. सिलिंडरच्या फिन्समध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पातळ पट्ट्यांमध्ये, आणि कव्हरच्या गोलाईवर पेपर दुमडतो, त्याची घडी कडा खाते. पॅड तिथे निमूट वळतो. पेपर ॲल्युमिनियमने भरला की गुळगुळीत होतो, पॅड नळाखाली धरला की पुन्हा तयार. मरून पॅडची घासणी ४०० पेपरच्या आसपासची, त्यामुळे त्यानंतर ६०० हवाच. खड्ड्यांपुढे मात्र पॅडचं काही चालत नाही, तिथे पेपर आणि कोपराभर घाम.

स्टील वूल आणि लोखंडी तारेचा ब्रश आमच्याकडे सर्रास वापरतात. ते करू नका. लोखंडाचे कण मऊ ॲल्युमिनियमात रुततात, खाऱ्या हवेत गंजतात आणि भोवतालचं ॲल्युमिनियम खातात. लोखंड घासलेला पेपर किंवा पॅडही इकडे आणू नका. बेंच ग्राइंडर तर नकोच. साध्या चाकात ॲल्युमिनियम भरतं, चाक तापतं, फुटूही शकतं. शिवाय तिथे लोखंडाचा गंज आणि ॲल्युमिनियमची भुकटी एकत्र साचली तर भडक्याला एक ठिणगी पुरे. ओलं घासलं की धूळ उडत नाही, पण तो राखाडी गाळ झाकणबंद डब्यात साठवू नका, त्यातून हायड्रोजन सुटतो.

तर यापुढे ४०० चा पेपर फक्त खड्ड्यांपुरता, तोही दुसऱ्या कंपनीचा. पॅड इतके महिने झाले तरी एकच चालू आहे, म्हणजे हिशेबाने तोच स्वस्त पडला. सिंकजवळ दिसला की घरचे भांड्यांना घेतात, म्हणून त्याला तार ओवून पडवीतल्या खिळ्याला टांगलाय.