डिस्प्लेवर कायम ३८४: डॅक घेताना मला कसं फसवलं

डॅक, म्हणजे डिजिटल आवाजाचे आकडे वाचून त्यांचं स्पीकरला चालणाऱ्या विजेत रूपांतर करणारा डबा, घ्यायचं ठरवलं तेव्हा माझी गरज अगदी साधी होती. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून वायर काढून ती अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेली होती आणि गाणं थांबलं की स्पीकरमधून बारीक खरखर यायची. माउस हलवला की खरखरीचा सूर बदलायचा. लॅपटॉपच्या पोटात दाटीवाटीने बसलेल्या सर्किटांचा तो आवाज. आवाजाचे आकडे यूएसबीवरून बाहेर काढायचे आणि त्यांचं गाणं करण्याचं काम वेगळ्या डब्याकडे द्यायचं, हा त्यावरचा चांगला उपाय आहे. इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं. पुढचं सगळं सविस्तर लिहिते आहे, कारण ज्या युक्त्यांनी मला गंडवलं त्या इतरांवरही सहज चालतील.

सीडीवर प्रत्येक चॅनेलसाठी सेकंदाला ४४,१०० आकडे असतात, प्रत्येक आकडा १६ बिटांचा. हे आकडे ओळीने वाचायचे आणि त्यांच्याबरहुकूम व्होल्टेज बाहेर द्यायचं, एवढंच डॅकचं काम. तुमच्या टीव्हीत, सीडी प्लेअरमध्ये, ब्लूटूथ स्पीकरमध्ये एकेक डॅक आहेच. मला हे तेव्हा नीट ठाऊक असतं तर निम्मी फसवणूक तिथेच टळली असती.

विक्रेता इंटरनेटवर, खरेदी-विक्रीच्या एका वेबसाइटवरच्या जाहिरातीतून भेटला. बोलायला अत्यंत नम्र, कधीही फोन करा म्हणणारा. त्याने ऐकायला बोलावलं. खोलीत अ‍ॅम्प्लिफायर, दोन मोठे स्पीकर, एक काडेपेटीएवढा स्वस्त डॅक आणि शेजारी तो विकत असलेला जाड अ‍ॅल्युमिनियमचा डबा. दोन्ही एकाच अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेले. "ताई, डोळे मिटा आणि नुसतं ऐका," म्हणाला आणि सिलेक्टरचं बटण फिरवलं. छोटा डॅक, मग मोठा, मग परत छोटा. मोठ्यावर गाणं भरदार वाटत होतं. गाणाऱ्या बाईचा आवाज दोन पावलं पुढे आल्यासारखा, खालचा ठोका जास्त घट्ट, झांजेची किणकिण जास्त वेळ रेंगाळणारी. मी जे ऐकलं ते खरंच ऐकलं, माझ्या मनाचे खेळ नव्हते. ते कशामुळे, हे मात्र मला चार महिन्यांनी कळलं.

मग चिपची गोष्ट निघाली. आत एके४४९७ ही चिप आहे, आगीच्या आधीचा साठा आहे, असा माल आता मिळत नाही, असं तो म्हणाला. घरी येऊन मी शोधलं तर आग खरी निघाली. ही चिप बनवणाऱ्या आसाही कासेईच्या, म्हणजे डॅकच्या जगात एकेएम म्हणतात त्या कंपनीच्या, जपानमधल्या नोबेओका इथल्या कारखान्याला २० ऑक्टोबर २०२० रोजी आग लागली. ती विझायला तीन दिवसांहून अधिक लागले. चिपांचा तुटवडा पडला, भाव चढले, कित्येक कंपन्यांना आपली यंत्रं दुसऱ्या चिपांवर नव्याने बेतावी लागली. हे सगळं वाचलं आणि माझा विश्वास बसला. आग लागली होती हे मी तपासलं. डब्यात ती चिप आहे का, हे तपासलं नाही. खऱ्या घटनेच्या आधाराने सांगितलेलं खोटं पचायला किती सोपं असतं, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

पैसे त्याच्या खात्यात थेट भरले, कारण वेबसाइटमार्फत भरले तर तिचं कमिशन जातं, असं त्याचं म्हणणं होतं. डबा घरी आला. हातात घेतला तर चांगला जड. पुढच्या काचेवर निळ्या आकड्यांत ३८४, म्हणजे ३८४ किलोहर्ट्झ, सेकंदाला ३,८४,००० आकडे, आणि त्याखाली ३२ बिट.

पहिल्याच संध्याकाळी दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे मी सीडीवरून उतरवलेलं साधं गाणं लावलं, ४४.१ किलोहर्ट्झचं, तरी डिस्प्लेवर ३८४. दुसरी म्हणजे स्पीकरमधून घुंऽऽ असा बारीक, सलग आवाज. फोन केला. आकड्यांबद्दल तो म्हणाला की आतली चिप सगळं ३८४वर नेऊनच वाजवते. असं अपसॅम्पलिंग करणारे डॅक खरंच असतात, त्यामुळे मला ते पटलं. आवाजाबद्दल म्हणाला, "ताई, नवीन आहे तो. दोनशे तास वाजू द्या, मग खुलेल."

या दोनशे तासांचा हिशेब करा. मी रोज फार तर दोन तास गाणी ऐकते. म्हणजे शंभर दिवस. माल परत घेण्याची त्याची मुदत होती दहा दिवसांची. मला हे गणित तेव्हा सुचलं नाही. मी वाट पाहत बसले, आणि मुदत कधी उलटली ते लक्षातही आलं नाही. यंत्र खुलण्याच्या या गोष्टीने माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं. डॅकमधली चिप, कपॅसिटर, रेझिस्टर हे सगळं गरम व्हायला अर्धा-एक तास पुरतो. दहा दिवसांत जो आवाज आवडला नाही तो अकराव्या दिवशी आवडेल म्हणून थांबू नका. आवाजाची सवय होते ती आपल्या कानाला.

घुं आवाज गेला नाही तेव्हा त्याने आधी एक जाडजूड यूएसबी केबल विकली, मग एक वेगळा पॉवर सप्लाय. मी दोन्ही घेतले. काहीही फरक पडला नाही. शेवटी मावसभाऊ घरी आला होता, त्याला मी हे सगळं दाखवलं. तो इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीचं काम करतो. त्याने काही न बोलता लॅपटॉपचा चार्जर काढला. घुं थांबलं. चार्जर लावला, परत सुरू. मग त्याने टीव्हीतून ऑप्टिकल केबलने तोच डॅक जोडला, लॅपटॉप पूर्ण बाजूला. एकदम शांत. ऑप्टिकल केबलमधून उजेड जातो, वीज जात नाही. म्हणजे हा ग्राउंड लूप होता: चार्जर आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन वाटांनी एकाच अर्थिंगला जोडले गेले होते आणि यूएसबीच्या तारेतून नको तो प्रवाह फिरत होता. बॅटरीवर चालवा किंवा ऑप्टिकल वापरा, प्रश्न संपला. महागड्या केबलची तारसुद्धा तारच असते, ती तो प्रवाह अडवणार नाही. विक्रेत्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

भावाला आता संशय आला होता. त्याने लॅपटॉपवर साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या डॅकचे प्रॉपर्टीज उघडले, अ‍ॅडव्हान्स्डमधली यादी खाली ओढली. शेवटची ओळ २४ बिट, ९६,००० हर्ट्झ. त्याच्यापुढे काही नाही. मग त्याने कागदावर गुणाकार करून दाखवला. ३,८४,००० गुणिले ३२ बिट गुणिले दोन चॅनेल, म्हणजे सेकंदाला सुमारे अडीच कोटी बिट. हा डबा यूएसबीच्या जुन्या, 'फुल स्पीड' पद्धतीने जोडला जात होता, आणि तिची कमाल मर्यादाच सेकंदाला सव्वा कोटीच्या आत, १.२ कोटी बिट आहे. ३८४ किलोहर्ट्झ त्या वाटेने येऊच शकत नाही. ही तपासणी करायला दोन मिनिटं लागली. पहिल्या संध्याकाळी मी ती करू शकले असते. मॅक असेल तर ऑडिओ मिडी सेटअप उघडा, तिथेही हीच यादी दिसते.

मग मल्टिमीटर निघाला. त्याने मला विचारलं, विक्रेत्याने शेजारी कोणता छोटा डॅक ठेवला होता? मॉडेल मला आठवत होतं, आणि योगायोगाने तोच त्याच्या बॅगेत होता. १०० हर्ट्झचा एक सलग सूर पूर्ण पट्टीवर, म्हणजे आकड्यांत बसेल तेवढ्या मोठ्या पातळीवर, लावला आणि दोन्हींच्या आउटपुटला मीटर लावून पाहिला. छोटा डॅक: १.६ व्होल्ट. माझा डबा: २.१ व्होल्ट. फरक सुमारे २.४ डेसिबल. एवढ्या फरकाला कान 'मोठा आवाज' म्हणत नाही, 'भरदार' म्हणतो, 'मोकळा' म्हणतो. त्यातून हळू आवाजात आपल्याला खालचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली मोजून दाखवलेलं आहे, त्यामुळे आवाज जरासा वाढला की ठोकाही घट्ट वाटतो. माझ्या डोळे मिटून ऐकण्यात नेमकं हेच झालं होतं.

आम्ही सॉफ्टवेअरमधून माझ्या डब्याचा आवाज कमी करत मीटरवर बरोबर १.६ आणला. मी भिंतीकडे तोंड करून बसले, भाऊ नाणं उडवून कोणता डॅक लावायचा ते ठरवत होता. सोळा वेळा ऐकलं. नऊ वेळा माझं उत्तर बरोबर आलं. नुसता अंदाज ठोकला तरी आठच्या आसपास बरोबर येतात. फरक खरंच ऐकू येतो असं म्हणायला निदान बारा तरी यायला हवेत. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. पैशांचं होतंच, पण त्या खोलीत डोळे मिटून ऐकताना मला जो आनंद झाला होता तोही कोणीतरी बटण फिरवून उभा केला होता, हे जास्त लागलं.

डबा उघडायचा की नाही यावर आम्ही बराच वेळ थांबलो. एका स्क्रूवर 'सील तोडल्यास वॉरंटी रद्द' असं स्टिकर होतं. शेवटी उघडला. आत तळाला लोखंडाची पट्टी, दुहेरी चिकटपट्टीने बसवलेली. डब्याचं वजन तिचं होतं. तळहाताएवढं हिरवं सर्किट एका कोपऱ्यात, बाकी डबा रिकामा. मग भावाने डिस्प्लेकडे बोट दाखवलं. त्याच्या मागे फक्त दोन तारा जात होत्या, एक लाल, एक काळी. वीज आणि ग्राउंड. सर्किटाकडून डिस्प्लेकडे माहिती नेणारी तिसरी तारच नव्हती. वीज मिळाली की ते ३८४ उजळत होतं, आत काहीही वाजो.

चिपचं वरचं अंग कानशीने घासल्यासारखं मळकट, त्यावरचं नाव पुसलेलं. पण पाय पुसता येत नाहीत. एके४४९७ला ६४ पाय असतात, चौकोनाच्या चारी बाजूंना. या चिपला दोनच बाजूंना पाय होते, दहा आणि दहा. भावाने वीज कोणत्या पायाला येते ते मीटरने शोधलं आणि पीसीएम५१०२ए या दुसऱ्या डॅक चिपच्या डेटाशीटशी, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकाशी, ताडून पाहिलं. जुळलं. आउटपुटला आलेले २.१ व्होल्टही त्याच डेटाशीटमध्ये लिहिलेले होते. ही चिप वाईट नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. तिचा डायनॅमिक रेंज, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज आणि तिची स्वतःची खरखर यांतलं अंतर, ११२ डेसिबल आहे, सीडीच्या १६ बिटांना लागतात त्या ९६-९८ पेक्षा चांगलाच जास्त. म्हणूनच ती अगदी स्वस्त डॅकमध्ये सर्रास सापडते, आणि तशा स्वस्त डॅकने माझं काम पहिल्या दिवसापासून झालं असतं.

काचेवरच्या '३२ बिट'बद्दलही सांगते. ३२ बिटांचा हिशेबाने होणारा डायनॅमिक रेंज १९० डेसिबलच्या पुढे जातो. आजचे उत्तमातले उत्तम डॅकसुद्धा १२०-१३०च्या घरात आहेत, म्हणजे खरे वीस-एकवीस बिट; त्याखाली सर्किटाची स्वतःचीच खरखर असते. ३२ हा चिप किती लांबीचा आकडा आत घेते ते सांगतो, बाहेर किती शुद्ध येतं ते नाही. ते हवं असेल तर विक्रेत्याकडे मोजलेले आकडे मागा, खरखर आणि विकृती किती ते.

ज्यांना जुन्या सीडी प्लेअरच्या चिपा गोळा करायचा नाद आहे त्यांनी तर जास्तच जपावं. फिलिप्सच्या टीडीए१५४१एवर मुकुटाचं चिन्ह असलेल्या निवडक चिपांना भाव फार, आणि साध्या चिपेवर मुकुट छापून विकणारे पुष्कळ. अ‍ॅसिटोन लावलेल्या कापसाच्या बोळ्याने वरचं अंग पुसून पाहा. नव्याने फासलेला काळा थर बोळ्यावर उतरतो.

विक्रेत्याने पुढे काय केलं ते थोडक्यात. फोटो पाठवले तेव्हा म्हणाला, सील तुम्ही तोडलंत. वेबसाइटने तक्रार घेतली नाही, कारण पैसे तिच्यामार्फत गेलेच नव्हते आणि मुदतही संपली होती. ग्राहक तक्रार केली आहे, त्यासाठी जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैशांची पावती आणि आमच्या संभाषणाचे मेसेज मी जपून ठेवले होते ते उपयोगी पडले. पुढे काही झालं तर इथेच लिहीन.

तक्रारीसाठी मी ती जाहिरात पुन्हा उघडली. मूळ फोटोच पुन्हा बघायचा होता. टेबलावर तोच डबा, मागे सीडी प्लेअर, दोघांच्यामध्ये ऑप्टिकल केबल. सीडी प्लेअरच्या खिडकीत तिसरं गाणं चालू असल्याचा आकडा दिसतो. सीडीतून ४४.१पलीकडे काही येत नाही. डब्याच्या काचेवर निळं ३८४. त्याच्याच जाहिरातीत ते पहिल्या दिवसापासून समोर होतं, आणि आजही तिथेच आहे.