'असेंडिंग, डू नॉट डिस्टर्ब': गोड आहे, पण एका दमात वाचू नका

चिनी लेखिका युएशिया तिएयिंग यांची ही कादंबरी मी काही महिने रात्री झोपण्यापूर्वी मोबाइलवर थोडी थोडी वाचली. आवडलेले भाग पुन्हा काढूनही वाचले. पूर्वार्ध मनापासून आवडला, उत्तरार्धात मात्र बरीच प्रकरणं नुसती अंगठ्याने वर सरकवली.

नायिका कोंगहोऊ. कोंगहोऊ हे हार्पसारखं जुनं चिनी तंतुवाद्य, पोरीला नाव त्याचंच. ही पदच्युत राजघराण्यातली राजकन्या. बापाचं राज्य गेलं आणि नव्या राजाने आपला मोठेपणा दाखवायला हिला महालात ठेवून घेतलं. सिद्धपुरुषांच्या गोष्टी वाचून वाढलेल्या या मुलीच्या समोर एक दिवस खरेच सिद्ध उभे राहतात आणि तिला आपल्या पंथात घेऊन जातात.

कादंबरीची खरी मजा या पंथात आहे. साधना करून अमर सिद्ध होऊ पाहणाऱ्या साधकांच्या अशा चिनी गोष्टी वाचणाऱ्यांना ठराविक मसाला पाठ असतो: गुरुबंधू जळतात, वडीलधारे अपमान करतात, नायक दात-ओठ खाऊन बदला घेतो. इथे युनह्वा पंथात असलं काही नाही. नावाजलेल्या मोठ्या पंथांत याची गणना होते, पण पहिल्या नंबरासाठी जिवाचं रान करावं असं कुणालाच वाटत नाही. नवी मुलगी आली की मोठे गुरुबंधू-गुरुभगिनी तिला भेटवस्तू देतात, खाऊपिऊ घालतात. तिला चमचमणाऱ्या दागिन्यांचं भयंकर वेड, आणि लेखिका या वेडाची थट्टा करते पण ते सोडायला लावत नाही. साधना म्हणजे मोहत्याग, असा उपदेश कुणी तिच्या डोक्यावर मारत नाही. मला हे फार आवडलं.

नायक ह्वानत्सोंग आजारी, शांत, अबोल. त्याच्या औषधाच्या दुर्मीळ वस्तू शोधायला लिन हू या सेवकासह त्याचा आणि कोंगहोऊचा प्रवास सुरू होतो. नवं गाव, नवं खाणं, बाजारात आणखी एक केसांतला दागिना. हा मुलगा खरा कोण, हे वाचकाला लवकरच उमगतं, नायिकेला बऱ्याच उशिरा. मधल्या काळात लिन हूच्या चेहऱ्यावर जे काही चाललेलं असतं त्याला तोड नाही. प्रेमकथा संथ आहे, पण कुठेही रडारड, गैरसमज, 'तू मला सोडून जा' वगैरे नाटकं नाहीत.

आता तक्रारी. नायिकेला साधनेत अडथळा असा येतच नाही. बाकीच्यांना ज्या पायऱ्या चढायला आयुष्य जातं, त्या ही कोवळ्या वयात चढून बसते. संकट आलं तरी पोटात गोळा येत नाही, कारण शेजारी ह्वानत्सोंग उभा आहे हे आपल्याला माहीत असतं. खलनायक तर अगदीच पुळचट. दुष्ट साधकांचं जे प्रकरण उत्तरार्धात रंगायला हवं होतं, ते गोडव्यात विरघळून जातं. शिवाय नायिका किती निरागस, किती लाडकी, हे भेटणारा प्रत्येक जण आपल्याला पुन्हा सांगतो. अहो, कळलं!

सगळ्यात जास्त हळहळ वाटली ती राज्य गमावलेल्या मुलीच्या धाग्याची. ज्या महालात तिला शोभेची वस्तू म्हणून ठेवलं, त्या लोकांबद्दल तिच्या मनात नेमकं काय आहे? लेखिका या प्रश्नापाशी येते, हसवते आणि पुढे निघते. तिथे दोन प्रकरणं जास्त थांबली असती तर चाललं असतं.

नावांचा गोंधळ सुरुवातीला होतोच, कारण एकाच माणसाला नाव वेगळं आणि साधकांतली उपाधी वेगळी. मी फोनमध्ये यादी करून ठेवली होती, तुम्हीही करा. आणि चिनी साधनाकथांची ही पहिलीच ओळख असेल तर बिनधास्त इथून सुरुवात करा. सूडकथा, युद्ध, डावपेच हवे असतील तर मात्र वाटेलाच जाऊ नका.