जिनिंगमधली अंगठा मशीन: मशीन बरी, रिपोर्ट फसवा

कापसाच्या हंगामात जिनिंगला, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याला, हजेरीसाठी भिंतीवरची साधी अंगठा मशीन पुरते. हजेरी बुकातली खाडाखोड थांबते, पगाराचा हिशेब लवकर उरकतो. घोळ होतो महिनाअखेरच्या रिपोर्टात. त्यातली ‘लेट’ किंवा ‘गैरहजर’ची लाल नोंद पाहून शेठ माणसाला कामचुकार ठरवतात, आणि पुष्कळदा ती मशीननेच करून ठेवलेली असते.

मुख्य भानगड बोटांची. रुईच्या गठाणीला पट्ट्या बांधून अंगठ्याच्या रेषा झिजतात, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत कातडी फुटते, वरून काचेवर रुईची धूळ. म्हणून नोंदणीला नुसता अंगठा घेऊ नका; दोन्ही हातांची मधली बोटं घ्या, जानेवारीत पुन्हा घ्या. काच ओल्या फडक्याने पुसू नये. चिकटपट्टी हलकेच लावून उचलली की धूळ निघून येते. काचेवर थेट ऊन पडलं तर धडधाकट बोटही लागत नाही, तेव्हा मशीन सावलीला लावा.

जिनच्या मोटारींच्या आवाजात मशीनचं ‘धन्यवाद’ ऐकू येत नाही, माणूस परत थम (अंगठा) मारतो आणि दुसरी नोंद ‘बाहेर’ म्हणून चढते. 5 मिनिटांच्या आतली दुसरी नोंद धरू नये, अशी सेटिंग असते. बसवणारा ती सहसा करून देत नाही, मागून करून घ्या.

रात्रपाळीत तर कहरच. रात्री 10 ला आत, सकाळी 6 ला बाहेर. मधे तारीख बदलते. सॉफ्टवेअरमध्ये पाळी रात्रीची म्हणून भरली नसेल तर दोन्ही तारखांना एकेकच थम दिसतो आणि रात्रभर जिनवर उभा असलेला गडी कागदावर गैरहजर.

रांगेचाही हिशेब धरा. 60 माणसं, प्रत्येकी 5 सेकंद, म्हणजे सरळ 5 मिनिटं. दहा-बारा जणांची बोटं लागेनात की शेवटचा 10 मिनिटं ‘लेट’. सवलत 15 मिनिटांची ठेवा, नाहीतर दोन मशीन घ्या.

वीज जाऊन आल्यावर घड्याळ मागे गेलं असेल तर आतला बटण-सेल संपलेला असतो. तो बदलेपर्यंत सगळ्यांच्याच वेळा चुकीच्या!

चेहऱ्याची मशीन इथे घेऊ नये. धुळीपायी सगळ्यांच्या तोंडाला दुपट्टा बांधलेला, प्रत्येकाला तो सोडून उभं राहावं लागतं. बॅटरी आणि कार्डाची सोय असलेली अंगठा मशीन घ्यावी. ज्याचं बोट लागलं नाही, त्याचं नाव-वेळ चौकीदाराने त्याच वेळी वहीत लिहून सही घ्यावी. पगार काढताना दिवाणजीने रिपोर्टाआधी ती वही उघडावी.