ब्रिटिश जीटीचा पहिला सीझन: जीटी३ की जीटी४?

ब्रिटिश जीटी ही स्पोर्ट्स गाड्यांच्या रेसिंग आवृत्त्यांची ब्रिटनमधली स्पर्धा. जीटी३ हा तिच्यातला वेगवान आणि महाग वर्ग, जीटी४ त्याखालचा, आणि एक गाडी दोन चालक आळीपाळीने चालवतात. या चॅम्पियनशिपमध्ये उतरायचं ठरलं की बहुतेक जण थेट गाड्यांचे फोटो आणि हॉर्सपॉवर बघत बसतात. त्याआधी एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या चालकांच्या यादीत आपली ग्रेड काय लागते ते बघा, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. ग्रेड चार: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ. तिशीच्या आतला नवा चालक साधारणपणे सिल्व्हरमध्ये जातो, तर तिशी उलटल्यावर पहिलं लायसन्स काढणारा हौशी चालक ब्राँझमध्ये. जीटी३ चा डोलारा मुख्यतः प्रो-अॅम जोड्यांवर उभा आहे, म्हणजे एक हौशी आणि त्याच्या जोडीला एक व्यावसायिक. जीटी४ मध्ये दोन सिल्व्हर चालक एकत्र येऊन खर्च अर्धा-अर्धा वाटून घेऊ शकतात, शिवाय तिथे प्रो-अॅमही आहे.

त्यामुळे बावीस वर्षांचा, कार्टिंग किंवा छोट्या कपमधून आलेला चालक जीटी३ मध्ये शिरायला बघतो तेव्हा अडचण वेगाची नसते. त्याला एक तर पैसेवाला हौशी जोडीदार लागतो, नाहीतर कोणीतरी प्रो म्हणून पगार देणारा लागतो, आणि पहिल्या वर्षी दोन्ही अवघड. त्याने जीटी४ घ्यावी, यात आम्हाला शंका नाही. खरा पेच आहे तो चाळिशीतल्या ब्राँझ चालकापुढे. त्याला दोन्ही दारं उघडी असतात.

आधी किंमत. बीएमडब्ल्यूने एम४ जीटी३ बाजारात आणली ती करांशिवाय ४,१५,००० युरोंना आणि एम४ जीटी४ आणली १,८७,००० युरोंना. पोर्शेची ९९२ पिढीची ९११ जीटी३ आर ५,६७,००० युरोंची होती, तर ७१८ केमन जीटी४ आरएस क्लबस्पोर्ट १,९६,००० ची. म्हणजे जीटी३ ला दुपटीहून जास्त, कधीकधी जवळपास तिप्पट पैसे. पुढच्या खर्चाची तफावतही त्याच वळणाने जाते. जीटी३ ला सिक्वेन्शियल (गिअर क्रमानेच बदलणारा) रेसिंग गिअरबॉक्स असतो, कार्बनची बॉडी असते आणि डेटा बघायला पूर्णवेळ इंजिनिअर लागतो. जीटी४ मध्ये रस्त्यावरच्या गाडीचा वाटा मोठा. केमनमध्ये तर पोर्शेच्या रस्त्यावरच्या गाड्यांसारखा पीडीके ड्युअल क्लच गिअरबॉक्सच आहे.

ताकदीतला फरक मात्र वाटतो तेवढा नाही. एम४ जीटी३ चं इंजिन ५९० हॉर्सपॉवरपर्यंत जातं, जीटी४ चं ५५० पर्यंत, आणि दोन्ही तीन लिटरची टर्बो स्ट्रेट-सिक्स. बॅलन्स ऑफ परफॉर्मन्समध्ये, म्हणजे वेगवेगळ्या गाड्या बरोबरीत आणायच्या नियमात, दोघींची ताकद छाटली जाते, जीटी४ ची जास्त. तरी लॅपमधली मोठी तफावत येते ती वजन, टायर आणि सगळ्यात जास्त डाउनफोर्समुळे, म्हणजे गाडीला खाली दाबणाऱ्या हवेच्या जोरामुळे.

पहिल्या वर्षीचे हौशी चालक अडकतात ते इथेच. डाउनफोर्स वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एखादं वळण २०० किलोमीटरने घेता येतं आणि तुम्ही भीतीने १८० ने आत शिरलात, तर डाउनफोर्स १९ टक्क्यांनी घटतो. गाडी घसरल्यासारखी वाटते, तुम्ही पुढच्या लॅपला आणखी हळू शिरता, मग ती आणखी सैल वाटते. इंग्लंडमधल्या ओल्टन पार्क ट्रॅकवर झाडं आणि बॅरिअर ट्रॅकला चिकटून असताना या चक्रातून बाहेर पडणं सोपं नाही. उलट संथ वळणात, जिथे डाउनफोर्स जवळपास नसतोच, तिथे हेच चालक फाजील विश्वासाने उशिरा ब्रेक मारतात. एबीएस असल्याने चाक लॉक होत नाही, पण गाडी सरळ पुढे निघून जाते आणि अपेक्स (वळणाचा सगळ्यात आतला बिंदू) हुकतो. जीटी४ मध्ये वळणाचा वेग बराचसा टायर आणि सस्पेन्शनच्या पकडीवर ठरतो. गाडी काय करते ते सीटमधून कळतं, आणि चूक झाली तर सुधारायला क्षणभर जास्त मिळतो.

टायर दोन्हीकडे पिरेलीचेच, त्यामुळे ब्रँड निवडायची डोकेदुखी नाही. प्रेशर मात्र बघावंच लागतं. टायरमधली हवा १० अंशांनी तापली की प्रेशर सुमारे ०.१ बारने चढतं. ओल्टनच्या गारठ्यात सकाळी बसवलेलं प्रेशर दुपारी ऊन पडल्यावर जास्त होतं, मग टायरचा मधला पट्टा फुगतो आणि शेवटच्या वीस मिनिटांत मागची पकड जाते. जीटी३ वर त्याचा फटका दुहेरी, कारण टायरच्या उंचीबरोबर राइड हाइटही (गाडीची जमिनीपासूनची उंची) मिलिमीटरनी बदलते आणि फ्लोअरखालचा हवेचा प्रवाह बिघडतो.

दोन्ही वर्ग एकाच वेळी, एकाच ट्रॅकवर धावतात, आणि पहिल्या वर्षासाठी आम्ही या गोष्टीला सगळ्यात जास्त वजन देतो. ४.३ किलोमीटरच्या ओल्टनवर जीटी४ ची लॅप जीटी३ पेक्षा साधारण आठ-नऊ सेकंदांनी हळू असते. म्हणजे तासाभराच्या शर्यतीत आघाडीच्या जीटी३ गाड्या प्रत्येक जीटी४ ला दोन-तीनदा ओलांडतात. जीटी४ मध्ये तुमचं काम एकच: निळा झेंडा (मागून वेगवान गाडी येतेय ही खूण) दिसला की लाइन न सोडता, वेग एकसारखा ठेवून चालवत राहायचं. सौजन्य म्हणून बाजूला सरकणारा चालकच बहुतेकदा धडक घडवतो, कारण मागच्याने त्याच बाजूने जायचं ठरवलेलं असतं. जीटी३ मध्ये हा निर्णय तुमच्या डोक्यावर. आरशात मागची जीटी३, पुढे दोन जीटी४ एकमेकींशी झुंजतायत, आणि ड्रुइड्सचं दोन अपेक्सचं वळण समोर. आत घुसायचं की सरळ रस्ता येईपर्यंत थांबायचं, हे क्षणात ठरवावं लागतं. वर्षभर ओलांडून घेतलेला चालक पुढच्या वर्षी ओलांडतानाही शहाण्यासारखा वागतो, कारण समोरचा कुठे बघत असेल ते त्याला माहीत असतं.

आता ब्राँझ चालकाला जीटी३ का खुणावते तेही बघू. प्रो-अॅममध्ये प्रो लोकांच्या वेळा एकमेकांच्या अगदी जवळ असतात, हौशी चालकांच्या दूर पसरलेल्या. ओल्टन आणि स्नेटरटनसारख्या एक-एक तासाच्या दोन शर्यतींच्या वीकेंडला पहिल्या शर्यतीची ग्रिड (सुरुवातीचा क्रम) हौशी चालकाच्या वेळेवर लागते, तर सिल्व्हरस्टोनच्या तीन तासांसारख्या लांब शर्यतीला दोघांच्या वेळांची बेरीज धरतात. म्हणून हौशी चालकाने सुधारलेला एक सेकंद प्रोच्या कोणत्याही करामतीपेक्षा मोलाचा. शिवाय शेजारी बसून डेटा समजावणारा प्रो मिळतो, आणि जीटी३ मध्ये ते शिकणं जोमाने होतं. सीझनआधी ओल्या-कोरड्या दोन्ही ट्रॅकवर भरपूर टेस्टिंग करायला वेळ आणि पैसा असेल, तर जीटी३ चा विचार रास्त आहे. फक्त शर्यतीच्या वीकेंडच्या सरावावर भिस्त असेल, तर नको.

पिट स्टॉप आणि गुण दोन्हीकडे सारखेच महत्त्वाचे. स्टॉपला किमान वेळ ठरलेला असतो, त्यामुळे चालक बदलताना घाई करून फायदा नाही, पण सीट इन्सर्ट (चालकाच्या मापाची सीटमधली गादी) अडकला किंवा बेल्टचा खांद्याचा पट्टा पाठीखाली राहिला तर तोटा नक्की. ही अदलाबदल गॅरेजमध्ये हेल्मेट घालून पुन्हा पुन्हा करा. आधीच्या शर्यतीतल्या पहिल्या तिघांना पुढच्या स्टॉपला २०, १५ आणि १० सेकंद जादा थांबवायची पद्धत इथे बरीच वर्षं होती, तेव्हा त्या वर्षीची नियमावली वाचूनच स्टॉपचं गणित मांडा. तासाच्या शर्यतीला विजेत्याला २५ गुण, लांब शर्यतीला दीडपट, म्हणजे ३७.५. एक लांब शर्यत सोडून दिली तर सीझनचं नुकसान मोठं होतं, आणि गाडी शेवटपर्यंत नेणं पहिल्या वर्षी जीटी४ मध्ये जास्त जमतं. तिथे कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) थोडं चढलं तरी निभावतं. जीटी३ चा पुढचा स्प्लिटर (नाकाखालचं पातं) कर्बला घासून फुटला की सुटा भागही महाग आणि त्यानंतरची लॅपही हळू.

टीमकडून सीट भाड्याने घेत असाल तर करारात तीन गोष्टी लिहून घ्या. अपघात झाल्यास तुमच्या खिशातून जाणारी कमाल रक्कम किती. स्प्लिटर आणि डिफ्यूझर (गाडीखालचा मागचा भाग) त्यात येतात की वेगळे. आणि टायरचे किती सेट भाड्यात धरलेत. कॅलेंडरमध्ये बेल्जियममधला स्पा ट्रॅक असेल तर ब्रिटनबाहेर गाडी आणि सुटे भाग नेण्यासाठी एटीए कार्नेचा (तात्पुरत्या आयातीच्या सीमाशुल्क कागदाचा) खर्च कोणाचा, तेही विचारा. वापरलेली गाडी विकत घेत असाल तर तिच्यावर चालू होमोलोगेशनचं (शर्यतीसाठीच्या अधिकृत मान्यतेचं) इव्हो किट, म्हणजे गाडी सुधारित आवृत्तीत बदलणारे भाग, बसलंय का ते कागदावर तपासा. बीएमडब्ल्यूने २०२५ साठी एम४ च्या दोन्ही गाड्यांच्या इव्हो आवृत्त्या आणल्या, आणि जुन्या गाडीची स्वस्ताई किट घेताना बरीच विरघळून जाऊ शकते.