डीडीजे-४०० आणि मिक्स: तयार मॅपिंग बदलून आठ महिने वाजवल्यानंतर

पायोनियरचा डीडीजे-४०० हा डीजे कंट्रोलर (लॅपटॉपवरची गाणी हाताने वाजवायचा बटणं-नॉबांचा पाट) आता जुना झाला, त्याच्या जागी एफएलएक्स-४ आला. पण बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हळदीला, वरातीला सेकंडहँड ४०० अजून भरपूर दिसतो. आम्ही तो मिक्सवर चालवतो, म्हणजे स्पेलिंगमध्ये तीन एक्स असलेलं फुकटचं सॉफ्टवेअर. गणपतीआधी मॅपिंग, म्हणजे कुठल्या बटणाने सॉफ्टवेअरमध्ये काय व्हायचं ती जुळणी, बदललं, लग्नसराई त्याच्यावरच काढली.

मिक्ससोबत या कंट्रोलरचं तयार मॅपिंग येतं आणि ते चांगलं आहे. घरी बसून वाजवणाऱ्याने त्याला हातही लावू नये. अडतं ते ट्रॅक्टर-ट्रॉलीवर. तिथे नवीन फंक्शनं घालण्यापेक्षा चुकून लागणारी काढणं जास्त कामाचं.

सुरुवात कॉपीपासून करा. मॅपिंगच्या दोन फाइली असतात. एक्सएमएलमध्ये कुठलं बटण काय करतं ते असतं, जावास्क्रिप्टमध्ये (पुढे तिलाच स्क्रिप्ट म्हणतो) जॉग म्हणजे फिरवायची गोल चकती, पिच वगैरेंचं गणित. प्रेफरन्सेसमधल्या कंट्रोलर्स पानावरून युजर मॅपिंगचं फोल्डर उघडतं. दोन्ही फाइली तिथे टाका, नाव बदला आणि एक्सएमएलच्या वरच्या भागातलं मॅपिंगचं नाव आणि जावास्क्रिप्ट फाइलीचं नावही बदला. नाव तेच ठेवलं तर यादीत दोन सारखी नावं दिसतात आणि कुठलं चालू आहे ते ऐन वेळी कळत नाही. शिवाय मिक्स अपडेट केल्यावरही तुमची जुनी कॉपीच लागत राहते. ‘अपडेट करून पण तसंच आहे’ अशी तक्रार असली तर आधी हे बघा.

लर्निंग विझार्ड (बटण दाबून दाखवलं की मिक्स स्वतः जुळणी करतं ती सोय) बटणांसाठी ठीक. टेम्पो स्लायडरला मात्र विझार्ड लावू नका, ही चूक सगळ्यात जास्त होते. ४०० चा स्लायडर १४ बिटांचा आहे, एका हालचालीला दोन संदेश पाठवतो: सीसी (नॉब-स्लायडरच्या संदेशाचा नंबर) ०० वर मोठा भाग, हेक्स २० वर बारीक भाग. हेक्स म्हणजे सोळाच्या पटीतली मोजणी, पुढचे बटणांचे नंबरही तसेच. तयार स्क्रिप्ट दोन्ही जोडून १६,३८४ पायऱ्या करते. विझार्डने एकच सीसी पकडला की उरतात १२८. रेंज ±८ टक्के असेल तर एक पायरी साधारण ०.१२६ टक्क्यांची, म्हणजे तुम्ही खऱ्या टेम्पोपासून अर्धी पायरी तरी चुकू शकता. तेवढ्या चुकीने तीन मिनिटांत दोन गाणी सुमारे ११० मिलिसेकंद पुढे-मागे सरकतात. हलगीच्या गाण्यात ते लगेच कानाला लागतं, दोन हलग्या भांडल्यासारख्या. ±१६ ला त्याच्या दुप्पट.

आता जॉग. वरच्या प्लेटला बोट टेकलं की हेक्स ३६ ही नोट (बटणाचा संदेश) जाते, आणि स्क्रिप्ट स्क्रॅच चालू करून गाणं थांबवते. रस्त्यात खड्डा आला, मनगट प्लेटवर पडलं, की गाणं जागच्या जागी गप्प आणि पुढे नाचणारी पोरं मागे वळून बघणार. ४०० वर व्हिनाइल मोडचं वेगळं बटण नाही, पण स्क्रिप्टमध्ये त्या नावाचं व्हेरिएबल आहे आणि ते कायम ‘ट्रू’ असतं. एक छोटं फंक्शन लिहा: दाबलं की ट्रूचं फॉल्स, पुन्हा दाबलं की उलट, आणि फॉल्स करताना दोन्ही डेकवर स्क्रॅच डिसेबल. ही शेवटची ओळ विसरलात आणि बटण दाबताना बोट प्लेटवर असलं, तर स्क्रॅच अडकून राहू शकतो. हे फंक्शन शिफ्टसोबतच्या एखाद्या बटणावर ठेवा. शिफ्टचं काम कंट्रोलर स्वतःच करतो, वेगळा नंबर पाठवतो (प्ले ०बी, शिफ्ट-प्ले ४७), त्यामुळे स्क्रिप्टमध्ये शिफ्ट तपासावी लागत नाही. फक्त तो नंबर फाइलीत आधीच कशाला दिलाय का ते शोधून बघा.

जॉगची कड ढकलून बीट जुळवताना गाणं जास्त पळत असेल तर स्क्रिप्टमध्ये बेंडचा (ढकलल्यावर वेग किती बदलायचा त्याचा) गुणक ०.८ आहे, तो ०.४ करा. स्क्रॅचमधले ७२० आणि ३३⅓ तसेच असू द्यात. ते प्लेटच्या खऱ्या फेऱ्याशी बांधलेले आहेत. आणि जॉग ढिला वाटला म्हणून लगेच मॅपिंगला शिव्या घालू नका. बऱ्याचदा ऑडिओ बफर, म्हणजे आवाज बाहेर पडायला लागणारा उशीर, ४६ मिलिसेकंदांवर असतो. २३ वर आणला की हात आणि आवाज जुळतात. त्याखाली गेलं की जुन्या लॅपटॉपवर तडतड येते.

सॉफ्ट टेकओव्हरबद्दल दोन शब्द. सॉफ्टवेअरमध्ये इफेक्ट शून्यावर आणि नॉब अर्ध्यावर असला, तर नॉब जरा हलवताच आवाज उडी मारतो. इनपुट मॅपिंगच्या यादीत त्या ओळीच्या ऑप्शन्समध्ये सॉफ्ट टेकओव्हरची खूण केली की नॉब सॉफ्टवेअरच्या जागेवरून जाईपर्यंत काहीच होत नाही. नवख्याला वाटतं नॉब बिघडला. आम्ही सॉफ्ट टेकओव्हर इफेक्टच्या नॉबला ठेवलाय, व्हॉल्यूम फेडरला नाही. फेडर ओढला आणि आवाज कमी झाला नाही, हे परवडत नाही.

माइकचा प्रश्न इथे जास्त येतो. मिरवणुकीत एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये घोषणा, मधूनच कोणीतरी ‘जोर हाक्री’ (जोरात लावा) म्हणून ओरडणार. ४०० चा माइक थेट मास्टरला, म्हणजे स्पीकरकडच्या आउटपुटला, जातो, लॅपटॉपपर्यंत येतच नाही. त्यामुळे मिक्समधलं टॉकओव्हर डकिंग (कोणी बोललं की गाणं आपोआप हळू होणं) या माइकवर चालत नाही. उपाय असा: सॅम्पलर मोडमधला डाव्या डेकचा आठवा पॅड (स्टेटस ९७, नोट ३७) स्क्रिप्टला जोडा. दाबून धरला की मेन गेन (गाण्याचा एकूण आवाज) सध्याच्या ०.३५ पट, म्हणजे सुमारे ९ डेसिबल खाली. सोडला की परत. परत आणताना सरळ १ लिहू नका, दाबतानाची किंमत साठवून तीच परत द्या. नाहीतर रात्री कोणी सांगितलं म्हणून गेन ०.७ वर आणलेला असतो आणि घोषणा संपली की आवाज धाडकन वर. पॅड सोडतानाही संदेश येतो, व्हॅल्यू शून्य असलेला. तो तपासला नाही तर गेन खालीच अडकतो.

सिंकचं (दोन गाण्यांचा टेम्पो आपोआप जुळवणारं) बटण आम्ही ठेवलं, पण भरवसा नाही. जुन्या मराठी-कन्नड गाण्यांत ढोलकी माणूस वाजवतो, टेम्पो सरकतो आणि बीटग्रिड (मिक्सने गाण्यावर आखलेल्या ठोक्यांच्या खुणा) चुकते. अशा गाण्यांसाठी बीट डिटेक्शनमध्ये ‘टेम्पो कायम धरा’ हा पर्याय काढून पुन्हा ॲनालिसिस करा, आणि ग्रिड सध्याच्या जागेवर सरकवणारा कंट्रोल एका पॅडवर घ्या. सहा मात्रांच्या ठेक्यात बीपीएम (मिनिटाचे ठोके) कधी दीडपट, कधी दोन-तृतीयांश दिसतो. तो आधी घरीच नीट करावा, ट्रॉलीवर नाही.

स्क्रिप्ट सेव्ह केली की मिक्स ती आपोआप पुन्हा वाचतं, त्यामुळे एकेक बदल लगेच हाताने तपासता येतो. बटण चालत नसेल तर मिक्स कंट्रोलर-डीबग लावून सुरू करा. दाबलेल्या प्रत्येक बटणाचा नंबर लॉगमध्ये येतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच मॅपिंगने सुटली नाही. मिक्स कंट्रोलर फक्त सुरू होतानाच शोधतं. यूएसबी निघाली तर वायर परत लावून भागत नाही, सगळं बंद करून पुन्हा उघडावं लागतं. तोपर्यंत वाजवायला फोन आणि वेगळी वायर मिक्सरला लावून ठेवतो, आणि कंट्रोलरच्या मागचा चौकोनी प्लग इन्सुलेशन टेपने दोन वेढे देऊन बांधतो.