गिटारचे फ्रेट चमकवायला काय घ्यावं: स्टील वूल, रबर, मायक्रोमेश की मशीन?

गिटारची तार बेंड करताना (बोटाने बाजूला ओढताना) खाली वाळू असल्यासारखी खरखर लागते का? मग आधी फ्रेटवरून, म्हणजे नेकवर तारांखाली बसवलेल्या धातूच्या पट्टीवरून, हलकेच नख फिरवा. तारेखालच्या जागी ते अडकलं, तर तिथे खाच पडलेली आहे. ती पॉलिशने जात नाही. फ्रेट घासून एका पातळीत आणावे लागतात आणि त्यांना पुन्हा गोलाई द्यावी लागते. नख सरळ सरकलं, तर फक्त काळपटपणा आणि बारीक ओरखडे काढायचे आहेत. त्याला महागडं काही लागत नाही.

सगळ्यांत स्वस्त म्हणजे ०००० नंबरचं स्टील वूल (पोलादाच्या अगदी बारीक तंतूंचा बोळा). निकेल सिल्व्हरच्या फ्रेटवर (नावात चांदी असली तरी हा तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू) दोन मिनिटांत लख्ख चमक येते. पण घासताना त्याचा लोखंडी भुगा पडतो आणि इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमधलं (तारांची कंपनं टिपणाऱ्या भागातलं) चुंबक तो ओढून घेतं. एकदा चिकटला की टेपने टिपत बसा! अकूस्टिकला ही अडचण सहसा नाही. इलेक्ट्रिकवर वापरायचंच असेल, तर पिकअप आधी टेपने पूर्ण झाकायचे.

फ्रेट रबर म्हणजे अपघर्षक कण मिसळलेला खोडरबरच. भुगा त्याचाही पडतो, पण तो चुंबकाला चिकटत नाही. फ्रेटच्या गोलाईवर रबर आपोआप बसतं, त्यामुळे नवख्याच्या हातूनही काम बिघडत नाही. साधारण १८०, ४०० आणि १००० अशा ग्रिटमध्ये (आकडा जितका लहान तितकं खरखरीत) मिळतं. नुसता काळपटपणा असेल तर १८० ला हातही लावू नका. त्याने पडलेले ओरखडे काढण्यातच वेळ जाईल. इलेक्ट्रिकवाल्याला एकच वस्तू घ्यायची असेल, तर मी हेच सांगेन.

आरशासारखी चमक हवी असेल तर मायक्रोमेश, म्हणजे अतिबारीक अपघर्षकाचे मऊ पॅड. १५०० पासून १२००० पर्यंत एकेक पायरी चढत जायचं. हे आकडे साध्या पॉलिश पेपरशी जुळत नाहीत, मायक्रोमेशचा १५०० त्याच नंबरच्या पेपरपेक्षा बराच खरखरीत असतो. २०-२२ फ्रेट आणि प्रत्येकावर इतक्या पायऱ्या म्हणजे वेळखाऊ काम, पण पॅड धुऊन पुन्हा वापरता येतात. स्टेनलेस स्टीलचे फ्रेट कडक असल्याने तिथे स्टील वूलपेक्षा मायक्रोमेशचाच भरवसा धरावा.

साधन कुठलंही असो, शेवटचे हात फ्रेटच्या लांबीच्या दिशेने फिरवा. बेंड करताना तार त्याच दिशेने सरकते. आडवे ओरखडे राहिले तर चमक येऊनही खरखर तशीच राहते.

धातूचं पॉलिश वापरणार असाल तर फ्रेटबोर्ड (फ्रेट ज्यात बसवलेले असतात ती लाकडी पट्टी) नीट झाका. रोझवुडच्या छिद्रांत ते वाळून पांढरट राहतं. झाकायला फ्रेटएवढी फट असलेली पातळ धातूची पट्टी मिळते, पण मास्किंग टेपही तेच काम करते. लॅकरच्या मेपल बोर्डवर टेप ओढून काढू नका, सावकाश सोडवा.

उरलं हातात धरायचं फिरतं मशीन आणि फेल्टचं चाक. वेगाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण एका जागी क्षणभर जास्त टेकलं की फ्रेट तापतो, आणि चाक घसरलं तर बोर्डावर कायमचा डाग. घरात एकच गिटार आणि तारा बदलताना कधीतरी पॉलिश, एवढ्यासाठी ते घेऊ नये. दुसऱ्या कामासाठी आधीच घेतलेलं असेल, तर सर्वांत कमी वेगावर आणि आधी एखाद्या जुन्या नेकवर हात बसवून मगच.