गुळाच्या पट्टीचं काम आणि माझा सेटअप : टीमक्स, मॉश, निओव्हिम वर्षभर वापरून

मी कोल्हापुरात बसून गुळाच्या अडत्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. म्हणजे सौद्यात शेतकऱ्याचा गूळ निघाला की किती रवे (गुळाच्या ढेपा), किती वजन, काय दर, हमाली तोलाई वजा जाऊन हातात किती, ही पट्टी मराठीत छापून देणारं. हंगामात मार्केट यार्डात कुणाला थांबायला सवड नसते, प्रोग्राम अडला की माणसं खोळंबतात. त्यामुळं लाईट गेली, नेट गेलं तरी काम जिथं होतं तिथनंच पुढं सुरू झालं पाहिजे आणि मराठी मजकूर नीट हाताळता आला पाहिजे, ह्या दोनच गोष्टी बघून मी सगळं निवडलंय.

लॅपटॉप जुना थिंकपॅड टी४८०, २०१८ चं मॉडेल, शाहूपुरीत सेकंडहँड घेतला. ह्याला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक बाहेरनं निघणारी. बाहेरची संपली की चालू लॅपटॉपवरच काढून दुसरी लावायची, तेवढ्यापुरता आतल्या बॅटरीवर चालतो. पावसाळ्यात दुपारी लाईट गेली की ती कधी येईल सांगता येत नाही, तवा ह्याची किंमत कळते. कीबोर्ड पण लय चांगला आहे. बस, लॅपटॉपचं एवढंच.

मला सगळ्यात जास्त कशानं तारलं असेल तर टीमक्सनं, म्हणजे आपण बाहेर पडलो तरी आपल्या उघड्या खिडक्या सर्व्हरवर तशाच चालू ठेवणाऱ्या प्रोग्रामनं. माझा सगळा कोड भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरवर आहे, डेबियन लिनक्स टाकलंय, तिथं टीमक्स कायम चालू असतो. लॅपटॉप बंद पडू दे नाहीतर मी यार्डातनं उठून घरी येऊ दे, परत अटॅच केलं की तीच खिडकी, तोच कर्सर, अर्धी लिहिलेली क्वेरी पण तशीच. पूर्वी लाईट गेली की दहा फायली परत उघडायच्या, आपण नक्की काय करत होतो ते आठवायचं, ह्यातच अर्धा तास जायचा आणि डोकं पिकायचं ते वेगळंच.

टीमक्सच्या जोडीला मॉश घ्याच, लॅपटॉपवरनं सर्व्हरला जोडायचा प्रोग्राम. त्यासाठीचं नेहमीचं साधं एसएसएच टीसीपी ह्या डेटा पाठवायच्या पद्धतीवर चालतं, वायफाय गेलं आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर आलो की आयपी (नेटवरचा आपला पत्ता) बदलतो नि कनेक्शन मरतं. मॉश यूडीपी ह्या दुसऱ्या पद्धतीवर चालतं आणि आयपी बदलला तरी धरून राहतं, लॅपटॉप मिटवून रंकाळ्यावर चक्कर मारून या, उघडला की आपोआप जोडलेलं असतं. नेट रडत असलं तरी टाईप केलेलं अक्षर सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता स्क्रीनवर उमटतं, ह्यानं काम करायची चीडच निघून गेली बघा. फक्त सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये ६०००० ते ६१००० मधले यूडीपी पोर्ट उघडायला विसरू नका, आणि मॉशमध्ये मागं स्क्रोल होत नाही, ते टीमक्समधनं करायचं.

कोड लिहायचा एडिटर निओव्हिम. ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ मध्ये व्हिम हा एडिटर बाहेर काढला आणि २०२३ मध्ये जाईपर्यंत सांभाळला, फुकट वापरा आणि जमलं तर युगांडातल्या मुलांना मदत करा एवढंच त्यांचं मागणं. २०१४ मध्ये त्यातनंच निओव्हिम निघाला. शिकायला वेळ लागतो हे खरं आहे, पहिले तीन आठवडे माझं काम निम्म्यावर आलं होतं, हंगामाच्या तोंडावर तर अजिबात सुरू करू नका. पण एकदा हाताला वळण लागलं की सुटत नाही. २०० अक्षरं टाईप झाली किंवा ४ सेकंद हात थांबला की स्वॅप फाईल (तात्पुरती नोंद) आपोआप लिहिली जाते, म्हणून सर्व्हर अचानक बंद झाला तरी सेव्ह न केलेलं बरंचसं परत मिळतं. अनडूफाईल चालू केलं तर कालचा बदल आज पण मागं घेता येतो. कोडमधल्या चुका दाखवणारी एलएसपीची सोय २०२१ च्या ०.५ पासून आतच आहे.

आता मराठीचं. गेल्या हंगामात एक काका पट्टी घेऊन आले, म्हणाले, "पोरा, माझं गाव अर्धंच छापलंय की." बघतो तर हातकणंगलेच्या जागी नुसतं 'हातकणं' आणि पुढं एक चौकोन. हातकणंगले म्हणजे युनिकोडमध्ये (जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणारी पद्धत) ९ खुणा, त्या साठवायच्या यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकीचे ३ बाइट, एकूण २७, आणि माझं प्रिंटचं फंक्शन २० बाइटला कापत होतं. म्हणजे सहा खुणा पुऱ्या आणि 'ग' चे दोनच बाइट. निओव्हिममध्ये 'ग' वर कर्सर ठेवून जी आणि ८ दाबलं की खाली ई० ए४ ९७ असे बाइट दिसतात, त्यावरनंच चूक सापडली. माणसाचं गाव त्याच्या कागदावर पुरतं आलं पाहिजे, काकांना नवीन पट्टी काढून दिली तवा कुठं बरं वाटलं.

इनस्क्रिप्टची (मराठी कीबोर्डच्या मांडणीची) पण अडचण होती, कीबोर्ड मराठीवर असला की निओव्हिमच्या नॉर्मल मोडच्या, म्हणजे जिथं कळ दाबली की अक्षर न उमटता हुकूम जातो तिथल्या, कमांड चालत नाहीत. मी कीमॅपची, म्हणजे कुठल्या कळीवर कुठलं अक्षर ते सांगणारी, एक फाईल केली, आता लिहिताना कंट्रोल आणि ६ दाबलं की मराठी, आणि कमांड इंग्रजीतच राहतात.

पण टर्मिनलमध्ये (हे सगळं ज्या मजकुराच्या खिडकीत चालतं तिथं) मराठी वाचायचं म्हणाल तर नाही जमत. टर्मिनल अक्षरांना ठरावीक मापाचे कप्पे देतो, मात्रा आणि जोडाक्षरं त्यात बसत नाहीत, 'ल्हा' फुटतो, कर्सर भलतीकडं दिसतो. मला त्यातल्या त्यात कॉन्सोल नावाचा टर्मिनल बरा वाटला. म्हणून पट्टीचे नमुने आणि मराठी मजकुराच्या फायली मी व्हीएस कोड ह्या दुसऱ्या एडिटरमध्येच उघडतो, त्याच्या आत क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) आहे त्यामुळं मराठी ब्राउझरसारखं स्वच्छ दिसतं, फाँट नोटो सान्स देवनागरी. तुमचं निम्म्याहून जास्त काम मराठी मजकुराचंच असेल तर निओव्हिमच्या नादाला लागू नका, व्हीएस कोड ठेवा आणि टीमक्स, मॉश तेवढं घ्या.

कीमॅपची फाईल कुणाला पाहिजे असेल तर सांगा, देतो. त्यात 'ऱ्य' अजून एका कळीवर आणायचा राहिलाय.